गच्चीवरचं वजन

पौर्णिमेच्या पितरांना यंदा माय येत नाही, हे भागवतने मनाशी पक्कं धरलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, वाकू नका, जिने चढू नका, धुरात बसू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि नांदेडला सुकन्याअक्काने तिला दसऱ्यापर्यंत ठेवून घ्यायचं कबूल केलेलं. पण केवळाबाईंना अडवणार कोण? भूकंपात गेलेल्या आपल्या माणसांना आपण जेवू घालायचं नाही तर मग कुणी, असं म्हणत बाई सकाळच्या गाडीने निघाल्या आणि पितरांच्या स्वयंपाकाला फोडणी बसायच्या आत लातुरात शिकवणीच्या गल्लीत रिक्षातून उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची पिशवी आणि मागे तोंड पाडून सुकन्या. भागवत दारातच उभा होता.

"आलीस का माय," एवढंच तो म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

सुकन्याने आईच्या पाठीआडून त्याच्याकडे बघत हात झटकले. माझ्याने झालं तेवढं मी केलं, आता तुझं तू बघ, असा त्याचा सरळ अर्थ होता.

बघायचं जे काही होतं ते वर गच्चीवर होतं. तिथे, गल्लीतून दिसू नये अशा बेताने मागच्या कडेला, लोखंडी खांब उभा होता, त्याला पांढरे लांबट डबे लटकवलेले होते. खाली बॅटऱ्यांचं कपाट आणि विजेचं मीटर अजून मिळालं नव्हतं म्हणून आणून बसवलेला तात्पुरता जनरेटर. क्रेन लावून रातोरात चढवलेलं ते सगळं ओझं केवळाबाईंच्या डोक्यावर, अगदी त्यांच्या खोलीच्या वर, बसलेलं होतं. आणि या घरात एकच कायदा होता. त्र्याण्णव साली औशाकडच्या जुन्या गावात मातीचं माळवद कोसळलं, नवरा दगडोबा आणि धाकटी लेक चिंगी त्या मातीखाली गेली, तेव्हापासून केवळाबाईंनी आपल्या कुठल्याही छतावर वजन म्हणून ठेवू दिलं नव्हतं. पाण्याची टाकीसुद्धा नाही. तीन मजली घर, वरचे दोन मजले पोरींचं वसतिगृह, पण टाकी मात्र अंगणात वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर. गवंड्याने तेव्हा डोक्याला हात लावला होता. बाई म्हणाल्या होत्या, "खर्च होऊ दे, पन निजलेल्या लेकराच्या छातीवर काय पडू नये."

आता एवढं सगळं ठाऊक असून पोटच्या पोराने असं का करावं? तर त्याला कारण होती ती शर्यत.

भागवत नांदेडला 'तरंग' या मोबाइल कंपनीत होता. टॉवरला जागा मिळवून देणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा मराठवाड्यात कुणी नव्हता. माहूरच्या डोंगरावर, विष्णुपुरीच्या धरणाकडे, जिथे दुसऱ्याला कुणी दारात उभं करत नव्हतं तिथे भागवत चहा पिऊन कागद घेऊन यायचा. यंदा फाइव्ह-जी आलं आणि 'तरंग' आणि 'दिगंत' या दोन कंपन्या एकमेकींच्या मानगुटीवर बसल्या. लातुरात आधी कोण पेटवतो, म्हणजे टॉवर सुरू करतो? त्यातही शिकवणीच्या गल्लीत कोण? कारण इथे गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येतात, रात्रंदिवस मोबाइलवर धडे बघतात, आणि पोराने जे सिमकार्ड घेतलं तेच सणाला घरी गेल्यावर बापाच्या, काकाच्या, मामाच्या फोनात जाऊन बसतं. एक गल्ली हातात आली की चार जिल्हे आले. 'दिगंत'वाल्यांनी सगळ्यात मोठ्या क्लासची गच्ची आधीच बळकावली आणि आजूबाजूच्या घरमालकांकडूनही लिहून घेतलं. राहिलं ते एकच घर.

नांदेडच्या ऑफिसात पंचवीस माणसांसमोर साहेबांनी विचारलं होतं, "भागवतराव, त्या गल्लीत तुमचंच घर आहे म्हणे. मग अडलंय कुठे?" आता तिथे काय सांगायचं? माझी माय भिते म्हणून? छतावर कावळा बसला तरी वर बघते म्हणून? टाय लावलेल्या त्या माणसांत भागवतला आपल्या आईची लाज वाटली. आणि लाजेच्या भरात तो बोलून गेला की अडलं कुठेच नाही, काम झालंच समजा.

मग पुढचं सोपं होतं. घर दोघांच्या नावावर, केवळाबाईंच्या आणि दीर शेषेरावांच्या. शेषेरावकाका नव्या गोष्टीला कायम तयार. त्यांनी सही केली, आणि आईच्या नावापुढे भागवतने. सुकन्या आधी ओरडली, मग भावाच्या बढतीचं ऐकून गप्प झाली, आणि डोळ्याच्या ऑपरेशनचा मुहूर्त तिनेच धरला. स्वयंपाकघर सांभाळणारी गुरम्मा तेवढी म्हणाली होती, "अम्माला काय सांगू मी?" तिला शेषेरावांनी दम दिला. थोडक्यात, घरात एक म्हातारी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी सकाळपासून भागवतने आईला एक क्षणही मोकळं सोडलं नाही. कावळ्याला घास ठेवायला ती दरवर्षी स्वतः गच्चीवर जायची. यंदा त्याने आधीच पान उचललं. "डॉक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलंय माय, अंगणातल्या भिंतीवर ठेवू," असं म्हणाला. केवळाबाई बरं म्हणाल्या. उलट लेकाला आपली एवढी फिकीर आहे म्हणून त्यांनी गुरम्माजवळ त्याचं कौतुक केलं. गुरम्मा कढईत बघत राहिली. भागवतने ते ऐकलं आणि घास घेऊन तो तसाच बाहेर गेला.

वरती दोन पोरं बसवलेली होती, तंत्रज्ञ. त्यांना त्याने संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावू नका असं सांगून ठेवलं होतं. जेवणं होऊ देत, मायला दुपारच्या गाडीने परत नांदेडला लावू, मग काय करायचं ते करा.

पंगत बसली. पौर्णिमेला वसतिगृहाच्या पोरींनाही घरच्या पंगतीत बसवायची केवळाबाईंची रीत होती, म्हणजे वीस-बावीस पोरी सोप्यात आणि आतल्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या. भिंतीशी दगडोबांचं आणि चिंगीचं पान मांडलं होतं. खीर, कढी, वडे, सोळा भाज्यांची मिसळ, आणि पानापुढे काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. केवळाबाई त्या पानासमोर बसल्या. काळा चष्मा त्यांनी काढून ठेवला होता. कितीतरी वर्षांनी आपल्याला वाफेतल्या खिरीतला वेलदोडासुद्धा दिसतोय, असं त्या शेजारच्या पोरीला सांगत होत्या, आणि हसत होत्या.

तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. तो उठून पडवीत गेला. नांदेडहून साहेब बोलत होते. 'दिगंत'वाले आज दुपारीच पेटवतायत, क्लाससमोर मांडव घातलाय, पोरांना फुकट सिम वाटतायत, आपलं काय? भागवत म्हणाला, संध्याकाळी करून राहिलो सर. साहेब म्हणाले, संध्याकाळी दुसऱ्या आलेल्याला कोण विचारतं? नुसतं चालू करून एक चाचणी घ्या, वेळेची नोंद पडू द्या, पहिले आपण ठरलो की झालं.

भागवतने दारातून आत बघितलं. मायची पाठ त्याच्याकडे होती. त्याने वरच्या पोराला फोन लावला आणि म्हणाला, "कर चालू. पण हळू कर."

आता जनरेटर काय हळू चालू होतो? त्या गल्लीत जनरेटरचा आवाज नवा नव्हता. वीज गेली की प्रत्येक क्लासचा सुरू व्हायचा, आणि केवळाबाई त्या आवाजाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पण ते जनरेटर दुसऱ्यांच्या जमिनीवर. हा त्यांच्या स्वतःच्या छतावर होता. आवाज कानाला पोचायच्या आधी तो भिंतीतून उतरला. पितरांच्या पानापुढच्या तांब्यात पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली, आणि काठावरून एक ओघळ खाली आला.

केवळाबाईंनी ते पाहिलं. नव्या डोळ्याने लख्ख पाहिलं. आणि त्या उठल्या.

"भायेर व्हा. समदे भायेर व्हा. ताटं टाका, पोरीहो, पळा."

त्यांचा तो आवाज भागवतने लहानपणानंतर ऐकला नव्हता. वीस-बावीस पोरी खरकट्या हाताने उठल्या. कुणाच्या पायाखाली कढी गेली, कुणी ओल्या केसांनी, कुणी अनवाणी. एक पोर भांबावून जागीच बसली होती, तिला केवळाबाईंनी दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. पुन्हा आत गेल्या. न्हाणीत कुणी आहे का बघितलं, जिन्यावरून हाका मारल्या, आणि सगळ्यात शेवटी स्वतः बाहेर आल्या. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला होता, त्यातून पाणी वाहत होतं. मग सगळी गल्ली घराकडे बघत उभी राहिली.

घर हललं नाही, पत्रा वाजला नाही, काहीच झालं नाही. जनरेटर तर भागवतने पडवीतूनच घाईघाईने बंद करायला लावला होता.

समोरच्या मांडवात 'दिगंत'च्या सिमसाठी रांगेत उभी असलेली पोरं आधी दचकली आणि मग हसायला लागली. कुणीतरी मोबाइल वर धरला, मग सगळ्यांनीच धरले. शेषेराव पुढे आले, गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "वैनी, कायबी न्हाई झालं. वय झालंय तुमचं. चला आत." सुकन्या आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, अगं, डोळ्यात थेंब घातलेत, नवा डोळा आहे, हलल्यासारखं दिसलं असेल. केवळाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना विचारायचं होतं, तुमाला कुणालाच न्हाई जाणवलं? शेवटी त्यांनी भागवतकडे बघितलं.

"भागा, पानी हाललं ना रं? तू दारातच व्हतास."

एक शब्द बोलला असता तर निभलं असतं. पण समोर 'दिगंत'चा माणूस उभा होता, नांदेडला साहेब नोंदीची वाट बघत होते, आणि गल्लीभर मोबाइल रोखलेले होते. भागवत म्हणाला, "न्हाई माय. मला तर काय दिसलं न्हाई."

केवळाबाईंनी पदर सावरला आणि पोरींसमोर हात जोडले. प्रत्येकीपुढे वेगळे. "माझं चुकलं गं लेकरांनो. भरल्या ताटावरून उठवलं म्या तुमाला. चला, पुन्हा वाढते." साठी ओलांडलेली बाई, सतरा-अठरा वर्षांच्या पोरींची हात जोडून माफी मागत होती. पोरींनाच कसंनुसं झालं. त्यातली एक रडायला लागली. भागवतला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, आणि त्या वेळी, त्या घरासमोर, असं मनात आल्याचीही त्याला लाज वाटली.

पोरी पुन्हा जेवल्या, कशाबशा. घरची माणसं जेवली नाहीत. केवळाबाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, काळा चष्मा परत चढवून. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सुकन्याच्या हातात दिला.

"मला तुझ्यासंगं घेऊन चल. आता ह्या पोरींची जिम्मेदारी माझ्यानं व्हायची न्हाई. डोकं ठिकाणावर न्हाई राहिलं. उद्या कुनाच्या लेकराला काय झालं म्हंजी?"

शेषेरावांनी लगेच मान डोलावली. बरोबरच आहे वैनी, म्हणाले, आराम करा आता, इथलं मी आणि भागवत बघतो. त्यांना ते फार सोयीचं होतं. म्हातारी नांदेडला गेली की गच्ची कायमची मोकळी. हेच भागवतने आठवडाभर डोक्यात घोळवलं होतं, आणि आता ते न मागता समोर आलं होतं. फक्त हो म्हणायचं. सुकन्याही जुडगा धरून उभी होती.

दारात गुरम्मा खरकटी पानं घेऊन उभी राहिली. ती जागची हलली नाही.

सुकन्याने जुडगा खाटेवर ठेवला. "मी नाही नेणार हिला," ती म्हणाली. "वेडी म्हणून तर मुळीच नाही नेणार. भागवत, तू सांगतोस का मी सांगू?"

"सुकन्या, गुमान रहा," शेषेराव म्हणाले.

"काका, मी राहिले गुमान. मघाशी रस्त्यात राहिले. तिचा डोळाच खोटा पाडला मी, ज्याला मीच औषध घालते."

शेषेराव उठून बाहेर निघून गेले. भागवत खाटेपाशी खाली बसला. त्याने सांगितलं. खांब सांगितला, बॅटऱ्या सांगितल्या, आपण केलेली सही सांगितली, जनरेटर आपल्याच तोंडाने चालू करायला लावला ते सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती, त्यामुळे आईच्या चेहऱ्यावर काय होतंय ते त्याला दिसलं नाही. शिव्या पडतील, ती छाती पिटून घेईल, जिना चढून वर जाईल, असं काय काय त्याला वाटत होतं.

"म्हंजी पानी हाललं व्हतं," केवळाबाई म्हणाल्या.

"हाव."

"खरंच हाललं व्हतं."

त्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. आपलं डोकं शाबूत आहे याचाच त्या बाईला एवढा आनंद झाला की बाकी सगळं विसरून त्या क्षणभर हसल्या. सुकन्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. त्या हसण्यापेक्षा माराचे फटके बरे, असं भागवतला झालं.

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं? सुकन्या म्हणाली, सगळ्यांना. गुरम्माने दारातूनच मान हलवली.

"आन् समदे रस्त्यात हुभे व्हता," केवळाबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर पोरी मोबाइलवर बातमी वाचून एकदम गलका करायला लागल्या. भागवतचा फोन खिशात थरथरला. त्याने काढून बघितला. साहेबांचा निरोप होता, अभिनंदनाचा. मघाची चाचणी मोजली गेली होती, गल्लीत पहिलं 'तरंग' ठरलं होतं. 'दिगंत'च्या मांडवातला स्पीकर बंद पडला होता. त्याने फोन पालथा करून जमिनीवर ठेवला.

"उद्याच काढून टाकतो माय," तो म्हणाला. "नोकरी गेली तर जाऊ दे."

केवळाबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दगडोबांच्या पानाकडे बघत बोलायला लागल्या. हे त्यांनी आजवर पोरांना कधीच सांगितलं नव्हतं. मोठा भूकंप व्हायच्या आदल्या वर्षीही जमीन हलायची, गुरगुरायची. तेव्हा त्या पोरांना घेऊन अंगणात झोपायच्या. पाणी हललं की सगळ्या आळीला उठवायच्या. दोन-चारदा उठवलं, काही झालं नाही. मग बाया हसायला लागल्या, पारावरची माणसं दगडोबांना चिडवायला लागली. तुमची बायको आज कितीला उठवणार, म्हणायची.

"तुझ्या बापाला लई लाज वाटायची माझी," त्या म्हणाल्या. "येक दिवस मलाबी वाटली. म्या हातरुनं आत नेली. गनपती बुडवून आलो त्या रातीबी म्या जागीच व्हते. आधी बारीक हाललं व्हतं पानी. म्या पाह्यलं. म्हनलं, उठवावं तर पुन्हा हसतील. म्हनून बसून राहिले."

माय आणि सुकन्याला ढिगाऱ्यातून काढलं, आणि आपण त्या रात्री गणपती मंडळाच्या पोरांबरोबर ट्रॉलीत झोपलो होतो म्हणून वाचलो, एवढंच भागवतला ठाऊक होतं. बाप आणि चिंगी आत का होती, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता.

"त्याच्यामागं म्या ठरवलं, हसले तर हसू दे. आता लाजायचं न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "आन् आज समद्या गल्लीत तू मला लाजवलंस, भागा."

त्यांनी चष्मा काढला. लाल झालेला डोळा त्याच्याकडे लागला होता.

"तुझा खांब राहू दे न्हाईतर जाऊ दे, मला त्याचं काय न्हाई. तू मला येवढंच सांग. आता पुन्हा पानी हाललं तर म्या ह्या पोरींना उठवू का नगं?"

माय उत्तराची वाट बघत बसली होती.